घरच्या कॉम्प्युटरमधले हेर: आत कसे येतात आणि दाराबाहेर कसे ठेवायचे

चवथ होऊन महिना झाला असेल. मामाचा फोन आला, "अरे, हें कितें जालें? माझ्या मेलमध्ये कोणीतरी शिरलाय."

फोंड्याजवळच्या आमच्या गावात जत्रेच्या रात्री मराठी नाटक होतं आणि त्याची संहिता टाइप करायचं काम वर्षानुवर्षं मामाकडे आहे. टायपिंग जुन्या फॉन्टमध्ये. यंदा झेरॉक्सवाल्याने सांगितलं, हा फॉन्ट आमच्याकडे उघडत नाही, युनिकोडमध्ये करून आणा. मामाने 'मराठी फॉन्ट कन्व्हर्टर फ्री' असं शोधलं आणि जे पान वर आलं ते उघडलं. त्या पानावर 'डाउनलोड' लिहिलेली चार बटणं होती. तीन मोठी, हिरवीगार. खरं बटण तळाशी, राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरात. मामाने सगळ्यात मोठं दाबलं. मग नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. मध्येच विंडोजने विचारलं की या प्रोग्रामला कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का, तर 'यस'. फॉन्ट बदलला, संहिता छापून आली, तालीम सुरू झाली. आठवड्याभरात मेलचा खेळ झाला.

मी बघायला गेलो तेव्हा मामाचं एकच पालुपद चाललं होतं: "ओटीपी मी कोणाला दिलाच नाही!" ते खरंच होतं. त्याने ओटीपी दिला नव्हता, पासवर्डही दिला नव्हता. दिला होता तो फक्त एक 'यस'.

ज्यांच्या घरी विंडोजचा कॉम्प्युटर आहे, बँकेचं काम, मुलांचा अभ्यास आणि लग्नाचे फोटो सगळं त्यावरच आहे, पण आतलं फारसं कळत नाही, त्यांच्यासाठी पुढची कामं लिहितो. एका रविवारची दुपार काढा. जेवून झोपायची सवय असेल तर सकाळच बरी.

आधी एवढं समजून घ्या

स्पायवेअर म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर बसून तुमचीच माहिती दुसऱ्याला पाठवणारा प्रोग्राम. काही नुसते तुम्ही काय बघता ते टिपून जाहिराती मारतात. काही तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ नोंदवतात. त्यांना कीलॉगर म्हणतात. पण आजकाल घरगुती कॉम्प्युटरला सगळ्यात जास्त धोका आहे तो इन्फोस्टीलरचा. तो आत येतो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज गोळा करतो, पाठवून देतो आणि पुष्कळदा स्वतःला पुसूनही टाकतो. सगळा मामला काही मिनिटांचा. म्हणून 'माझा कॉम्प्युटर तर स्लो झाला नाही' यावर निर्धास्त राहू नका. मामाचाही झाला नव्हता.

कुकी हा शब्द नवख्यांना गोंधळात टाकतो. नाटकाच्या मध्यंतराला चहाला बाहेर पडताना दारावरचा माणूस हातावर शिक्का मारतो, आठवतंय? परत येताना तिकीट कोणी विचारत नाही, शिक्का बघून आत सोडतात. कुकी म्हणजे तो शिक्का. तुम्ही मेलमध्ये एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन शिरलात की वेबसाइट ब्राउझरला शिक्का देते, म्हणून रोज पासवर्ड टाकावा लागत नाही. चोराने शिक्काच उचलला तर त्यालाही कोणी काही विचारत नाही. मामाचा ओटीपी असा बाजूलाच राहिला.

ही काही चार-दोन पोरांची मस्ती नव्हे, धंदा आहे. लुमा नावाच्या अशाच एका इन्फोस्टीलरवर मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये कारवाई केली. त्याआधीच्या दोन महिन्यांत त्याची लागण झालेले विंडोज कॉम्प्युटर त्यांना जगभरात ३,९४,००० पेक्षा जास्त सापडले होते. ही चोरलेली माहिती गठ्ठ्याने विकली जाते. त्यात मामाचा मेल असतो तसा तुमचाही असू शकतो. तुम्ही कोण आहात याच्याशी विकणाऱ्याला देणंघेणं नसतं.

पहिलं काम: विंडोज कुठली ते बघा

सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात शेवटी अबाउट. तिथे विंडोज १० की ११ ते लिहिलेलं असतं. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर चालतो, पण नव्या सापडलेल्या भोकांना ठिगळं मिळत नाहीत. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती पैसे न देता मिळते. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. ती घ्या, पण ती मुदतवाढ आहे, कायमचा इलाज नाही.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या वाड्यावर अजून असे कॉम्प्युटर आहेत की ज्यांच्यावर घरातलं मोठं पोर बारावी झालं आणि आता धाकटं नातवंड चित्रं काढतं. त्यांना ११ झेपणार नाही. अशा जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट टाकून घ्या, चार जीबी रॅम असली तर मजेत चालतं. मराठी टायपिंग, ब्राउझर, प्रिंट सगळं होतं. 'विंडोज ११ कुठल्याही कॉम्प्युटरवर टाकून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

मग सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन जे आहे ते सगळं येऊ द्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर विजेचा काही नेम नसतो, त्यामुळे पावसाळ्यात डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर ढग गडगडताना अपडेटला बसू नका. अर्ध्यात वीज गेली तर एका भलत्याच दुखण्याला आमंत्रण.

ब्राउझरचं अपडेट वेगळं असतं. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन ठिपक्यांच्या जागी काही रंगीत दिसू लागलं की बंद करून पुन्हा उघडा. बस.

दुसरं काम: राखणदार जागा आहे का

विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आधीपासूनच आहे आणि घरासाठी तो पुरेसा चांगला आहे. लॅपटॉपबरोबर आलेला तीन महिन्यांचा फुकट अँटिव्हायरस मुदत संपल्यावरही कोपऱ्यात बसून रोज 'धोका, धोका' ओरडत असेल तर तो काढून टाका. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवले तर राखण दुप्पट होत नाही, दोघांची आपसात भांडणं होतात.

विंडोज सिक्युरिटी उघडा. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये रिअल-टाइम प्रोटेक्शन आणि टँपर प्रोटेक्शन चालू हवं. दुसरं म्हणजे ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, त्यात रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन. तिथे 'पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' नावाचा एक खटका असतो, तो चालू करून खालच्या दोन्ही चौकटींवर टिक करा. फुकटच्या प्रोग्रामच्या पदराला धरून जे आगंतुक येतात, त्यांच्यासाठीच हा आहे.

एक खूण कायम लक्षात ठेवा: कुठलाही प्रोग्राम 'इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा' असं म्हणाला तर तो तिथेच पुसून टाका. विंडोज किंवा ऑफिस फुकटात 'ॲक्टिव्हेट' करून देणारी हत्यारं हेच सांगतात. राखणदाराला झोपवून आत येणारा पाहुणा कशाला आला असेल?

तिसरं काम: रोजचं खातं वेगळं, मालकाचं वेगळं

सगळ्यात कमी लोक हेच करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नवीन कॉम्प्युटर सुरू करताना जे पहिलं अकाउंट बनतं ते ॲडमिनिस्ट्रेटर असतं, म्हणजे घरमालक. मालकाच्या हाताने काहीही बसवता येतं, काहीही बंद करता येतं, आणि आपण आयुष्यभर त्याच खात्यात बसून गाणी ऐकतो. त्याऐवजी असं करा:

सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स. 'ॲड अकाउंट' दाबा. मायक्रोसॉफ्ट मेल आयडी मागेल. तिथे 'माझ्याकडे या व्यक्तीची साइन-इन माहिती नाही' या अर्थाची ओळ निवडा आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडण्याची. नाव काहीही द्या, 'मालक' चालेल. पासवर्ड लांब द्या आणि कागदावर लिहून ठेवा. मग त्या नव्या नावावर क्लिक करून 'चेंज अकाउंट टाइप'मधून त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा.

आता तुमच्या खात्यातून साइन आउट होऊन 'मालक' खात्यात शिरा. तिथून तुमचं जुनं खातं त्याच पद्धतीने 'स्टँडर्ड युजर' करा. फोटो, फाइली, सगळं जिथल्या तिथे राहतं. फक्त अधिकार जातात. हा क्रम उलटा करायला जाऊ नका.

यापुढे एखादा प्रोग्राम मुळातच हात घालायला गेला की पडदा अंधारेल आणि मालकाचा पासवर्ड मागेल. आधी तिथे नुसतं 'यस' दाबलं की भागत होतं. आता उठून कागद शोधावा लागतो, आणि त्या उठण्या-बसण्यात माणूस विचार करतो की हे मी मागवलं होतं का.

पण गैरसमज नको. इन्फोस्टीलरला मालकाचे अधिकार लागतातच असं नाही. तो तुमच्या साध्या खात्यात चालला तरी त्या खात्यातल्या ब्राउझरचे पासवर्ड उचलू शकतो. वेगळ्या खात्यामुळे तो खोल मुळं धरू शकत नाही आणि डिफेंडरला बंद करू शकत नाही, एवढंच. म्हणून पुढची कामं चुकवता येत नाहीत.

चौथं काम: काय बसवायचं, कुठून बसवायचं

माझा साधा हिशेब आहे. आधी बघा, ते विंडोजमध्येच आहे का. मामाला जे हवं होतं त्यातलं निम्मं होतं. मराठी टायपिंगसाठी काही म्हणजे काही डाउनलोड करावं लागत नाही. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, ॲड अ लँग्वेज, मराठी. मग मराठीच्या पर्यायांत जाऊन फोनेटिक कीबोर्ड जोडा. 'एमएजेएचए' टाइप केलं की 'माझा' सुचवतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. पीडीएफ वाचायला ब्राउझर पुरतो, झिप फाइल विंडोज स्वतः उघडतं.

नसलंच तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर. तिथेही नसलं तर तो प्रोग्राम बनवणाऱ्याची स्वतःची वेबसाइट, आणि तिचा पत्ता शोधताना 'स्पॉन्सर्ड' लिहिलेले वरचे निकाल सोडून द्या. ती जागा पैसे देऊन घेतलेली असते आणि प्रसिद्ध प्रोग्रामच्या नावाने खोटी पानं तिथे लावलेली पुष्कळदा सापडली आहेत.

इन्स्टॉल करताना 'एक्स्प्रेस' आणि 'कस्टम' असे दोन पर्याय आले तर कस्टम घ्या. आत कुठेतरी आधीच टिक करून ठेवलेला टूलबार, ड्रायव्हर अपडेटर किंवा 'पीसी क्लीनर' बसलेला असतो. पीसी क्लीनरांबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते बदलेल असं वाटत नाही.

तेवढ्यात फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, शो, आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करून घ्या. नाहीतर 'अंक दुसरा पीडीएफ ईएक्सई' या नावातलं शेवटचं ईएक्सई लपतं आणि फाइल पीडीएफ म्हणून मिरवते. शेवटी ईएक्सई असलं की तो कागद नसतो, प्रोग्राम असतो.

पाचवं काम: हे एक घरातल्या सगळ्यांना दाखवा

मांद्रे-मोरजीच्या बाजूला होमस्टे चालवणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. एखादं पान उघडतं, 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' असं म्हणतं. आपण टिक करतो. मग सूचना येते: विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एन्टर. दिसायला निरुपद्रवी. होतं काय, की टिक करताना त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे राहतं तिथे, एक आज्ञा गुपचूप ठेवलेली असते. विंडोज-आर ने कॉम्प्युटरला आज्ञा द्यायची खिडकी उघडते, कंट्रोल-व्ही ने ती आज्ञा चिकटते, एन्टरने चालते. चोराने सांगितलं आणि आपणच आपल्या हाताने कडी काढली.

याला क्लिकफिक्स म्हणतात. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की बुकिंग डॉट कॉमच्या नावाने बनावट मेल पाठवून हॉटेल व्यवसायातल्या लोकांना याच जाळ्यात ओढलं जात होतं, आणि त्यात आपला दक्षिण आशियाही होता. मेलमध्ये असायचं काय, तर पाहुण्याने वाईट अभिप्राय लिहिलाय, किंवा खातं पडताळून घ्या. सीझनच्या तोंडावर वाईट अभिप्राय म्हटल्यावर कुणाचा जीव थाऱ्यावर राहणार?

नियम एका ओळीचा आहे. तुम्ही रोबो नाही हे तपासायला कुठलीही खरी वेबसाइट तुम्हाला विंडोज-आर दाबायला सांगत नाही. कधीच नाही.

त्याचाच भाऊ म्हणजे पूर्ण पडदा भरून येणारं 'तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला आहे, या नंबरवर फोन करा', सोबत कर्कश भोंगा. तो नुसता ब्राउझरचा तमाशा असतो. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझर निवडून 'एंड टास्क'. फोन केलात तर पलीकडचा गोड आवाज तुम्हाला दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप घ्यायला लावेल. अशा ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. बँक, वीज खातं, गॅस एजन्सी, कोणीही असो, तुमचा पडदा बघायची त्यांना गरज नसते.

बारीकसारीक, पण आजच करून टाका

ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम, बघा. जी ओळखीची नाहीत ती काढा. जी ओळखीची आहेत पण वर्षभर वापरली नाहीत तीही काढा. 'कूपन शोधणारी' आणि 'व्हिडिओ डाउनलोड करणारी' आधी. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कुणाकुणाला दिली आहे तेही तपासा. कोपऱ्यातून येणाऱ्या जाहिराती पुष्कळदा एवढ्यानेच थांबतात.

झेरॉक्सच्या दुकानात गेलेला पेनड्राइव्ह घरी आल्यावर उघडण्याआधी राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा. त्यापेक्षा फाइल मेलने पाठवलेली बरी. होमस्टेच्या पाहुण्याला बोर्डिंग पास छापून हवा असेल तर मेलवर मागवा, त्याचा पेनड्राइव्ह आपल्या कॉम्प्युटरला लावू नका. राग येत नाही कोणाला.

केबलवाल्याने बसवून दिलेल्या राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड बहुधा 'ॲडमिन'च असतो. बसवणाऱ्यालाच बोलावून बदलून घ्या.

बँक आणि मेल यांचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नका. आणि काम झालं की नुसती खिडकी बंद न करता लॉग आउट करा, म्हणजे शिक्का रद्द होतो.

आधीच शिरला असेल तर

मामाकडे मी या क्रमाने गेलो. प्रथम इंटरनेट तोडलं, वाय-फाय बंद. मग माझ्या फोनवरून, म्हणजे स्वच्छ यंत्रावरून, मामाच्या मेलचा पासवर्ड बदलला. त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलणं म्हणजे चोराच्या देखत नवीन कुलूप लावणं. पासवर्ड बदलल्यावर मेलच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन तिथे दिसणारी सगळी अनोळखी उपकरणं साइन आउट केली; नाहीतर जुना शिक्का चालूच राहू शकतो. मग मेल परस्पर दुसरीकडे फॉरवर्ड होतोय का ते पाहिलं. होत होता. मेलनंतर बँक, त्यानंतर बाकीचं.

त्यानंतर कॉम्प्युटर. डिफेंडरमध्ये स्कॅन ऑप्शन्सखाली ऑफलाइन स्कॅन आहे. तो कॉम्प्युटर रीस्टार्ट करून विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासतो, पंधराएक मिनिटं लागतात. दुसरं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्स या अँटिव्हायरसची फुकट आवृत्ती एकदा चालवून काढून टाका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवरही साफसफाईची मोफत साधनं आहेत.

पण पासवर्ड गेले असतील तर माझा सल्ला थेट आहे: पुसून नव्याने. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या, प्रोग्राम घेऊ नका. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, 'रीसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि 'क्लाउड डाउनलोड'. चार जीबीपेक्षा जास्त डेटा लागू शकतो, त्यामुळे फोनच्या हॉटस्पॉटवर करू नका. साफ केल्याचं समाधान आणि साफ झाल्याची खात्री या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला दुसरी हवी असते.

पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर. आधी १९३० वर फोन, त्याच श्वासात बँकेला. जितक्या लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवायची शक्यता जास्त. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदवता येते, आणि आपल्या गोव्यात सायबर गुन्ह्यांसाठी वेगळं पोलीस स्टेशन रायबंदरला आहे. काही पुसण्याआधी पडद्याचे फोटो काढून ठेवा. मामाच्या वेळी ते मला सुचलं तोवर निम्मं पुसून झालं होतं.

मामाचे पैसे गेले नाहीत. बँकेचा पासवर्ड त्याने ब्राउझरमध्ये ठेवलाच नव्हता, डायरीत ठेवला होता, आणि आजवर मी त्याला त्यावरून हसत होतो. 'मालक' खात्याचा पासवर्ड आता मामीकडे आहे, देवघराच्या खणात, पंचांगाखाली. परवा पुन्हा फोन आला. नाटकाच्या पार्श्वसंगीतासाठी त्याला कसलासा फुकटचा प्रोग्राम बसवायचा होता.

"तुझी मामी कागद देत नाही रे," म्हणाला. "आधी म्हणते, कुठून आणलास ते दाखव."